कागदावरची जुळी

माझी जन्मतारीख एक जून. धाकट्या भावाचीही एक जून, आणि सालही तेच. आमच्या गावातल्या माझ्या बरोबरीच्या जवळजवळ सगळ्यांचा जन्म एक जूनला झालेला आहे. त्या दिवशी गावच्या सुइणीचे काय हाल झाले असतील, याचा विचार कुणी केलेला नाही. शाळा जूनमध्ये उघडायची. मास्तर पोराची उंची बघायचे, दात बघायचे, अंदाजानं साल ठरवायचे आणि तारीख ठोकून द्यायचे. आईबापांना विचारण्यात अर्थ नसायचा. आई सांगणार, "शाळू हुरड्यात आला हुता बगा तवा." आता हुरड्यावरून मास्तरांनी तारीख कशी काढायची? त्यापेक्षा एक जून बरी. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची, आणि तीसुद्धा तावातावानं करण्याइतका दम आता उरलेला नाही.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस पडला तर पडला, म्हणून घरटी एक माणूस पलटणीत. आमचे वडील, आबा, तेही चौदा सालच्या पहिल्या लढाईत जाऊन आलेले. मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा धाकट्याला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. आई दिवसभर रानात, घरात दुसरं बाईमाणूस नाही, त्यामुळं तो कायम माझ्या कडेवर. मी शाळेत गेले तर याला कोण बघणार, म्हणून मला शाळेत घालायचंच नाही असं ठरलं होतं. मग एक दिवस मास्तर घरी आले आणि म्हणाले, "त्यालाही घेऊन ये." त्यात त्यांचीही अडचण होती. शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार होते आणि पट भरला नसता तर शाळेचा दुसरा मास्तर काढून घेतला जाणार होता. तेव्हा आम्हा दोघांची नावं एकाच दिवशी पटावर चढली. सहा वर्षांच्या खालचं मूल घेता येत नव्हतं, म्हणून धाकटाही सहा वर्षांचा झाला. तारीख एक जून, साल माझंच.

अंगात नुसतं झबलं घातलेला तो पोरगा बिगारीच्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा, पाटी चाटायचा आणि झोप आली की माझ्या मांडीवर आडवा व्हायचा. मी पहिलीत गेले, दुसरीत गेले, हा आपला बिगारीतच. इतक्या लहान वयात इतक्या वेळा नापास झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरात आम्ही त्याला यावरून फार चिडवायचो, आणि तोही चिडायचा.

तो कडेवर होता म्हणून मी सातवीपर्यंत शिकले, हे खरं आहे. पण मी तेव्हा सहा वर्षांची होते. पुढं जे झालं त्याचं खापर कुणी माझ्या डोक्यावर फोडू लागलं तर मी ते फोडून घेणार नाही.

सातवीची परीक्षा झाल्यावर माझं लग्न झालं. सासर मिरजेला, हे रेल्वेत फिटर. बेचाळीस सालची थंडी होती. एका सकाळी आई दारात उभी राहिली, तीही एकटी. आई कधी एकटी यायची नाही आणि रिकाम्या हातानं तर नाहीच. शेंगा, मटकी, काही ना काही पदरात बांधलेलं असायचं. त्या दिवशी काही नव्हतं. ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "धाकला पलटनीत गेला."

म्हसवडच्या यात्रेत भरतीवाले बँड वाजवत बसले होते. धाकटा सिद्धनाथाचा रथ बघायला म्हणून गेला आणि सरळ त्यांच्या तंबूत शिरला. अंगापिंडानं तो बापावर गेलेला, वयाच्या मानानं दांडगा. तिथं वय विचारलं तेव्हा त्यानं खोटं सांगितलंसुद्धा नाही. शाळेचा दाखला पुढं केला. तो त्यानं आधीच मास्तरांकडून काढून ठेवला होता. दाखल्यावर अठरा वर्षं होती. खरी पंधरा.

"सा-आट म्हैनं शिकिवत्यात आन मग बोटीत घालत्यात म्हनं," आई म्हणाली. "त्येच्या आदी त्याला माघारी आन. तुला वाचाय येतंय."

"आबा काय म्हणतात?"

"त्येंच्या मिशीला पीळ पडलाय. गावभर सांगत सुटल्यात."

मला तेव्हा दिवस गेलेले होते, पोट दिसायला लागलं होतं. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण जा म्हणाल्या. मला वाटलं होतं, काम सोपं आहे. माझ्याजवळ माझा शाळेचा दाखला होता. त्यावरून मी अठरा वर्षांची ठरत होते. धाकटा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, हे सारं गाव सांगेल. अठरातून तीन गेले की पंधरा. एवढा हिशेब तर कुणालाही कळेल, अशा भरवशावर मी दाखला पिशवीत घालून आईबरोबर निघाले. सातवी पास झाल्याची घमेंड होती, दुसरं काय!

मिरजेहून रेल्वेनं सातारा रोड आणि तिथून मोटारीनं सातारा. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. मोटारीच्या मागं कोळशाची शेगडी बसवलेली, चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. आई पुढं आणि मी पोट सावरत मागं, अशा आम्ही शेवटचा चढ चढून साताऱ्यात पोचलो.

भरतीच्या कचेरीत ज्या कारकुनाशी गाठ पडली तो पन्नाशीचा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेला माणूस होता. वाईट नव्हता. या सगळ्यात मला वाईट माणूस कुठं भेटलाच नाही. भेटला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं, धाकट्याचे कागद काढले आणि माझा दाखला मागून घेतला. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे तुम्ही दोघं जुळी," तो म्हणाला.

आईला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती उसळली. "जुळी? आवं सायब, ही घरभर दुडूदुडू पळत हुती तवा त्यो पोटातबी नव्हता!"

"बाई, तुमचं खरं असेल. पण कागदावर जुळीच आहेत."

माझा दाखला मी काढला नसता तर काही वेगळं झालं असतं असं नाही. पण तो मी मोठ्या ऐटीत काढला होता, त्यामुळं तोंडावर आपटल्यासारखं झालं. कारकुनानं विचारलं, मुलाची जन्मतारीख काय? आई म्हणाली, "आश्विनातली वद्य पंचमी. मंगळवार हुता. दिस उगवायच्या टायमाला झाला."

"साल?"

आईनं माझ्याकडं बघितलं. साल तिला ठाऊक नव्हतं. तिथी, वार, घटका, सुइणीच्या हातातल्या बांगड्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं. साल मात्र तिनं कधी लक्षात ठेवलंच नव्हतं, कारण ते तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि सरकारला नेमकं तेवढंच पाहिजे होतं.

"जन्माच्या नोंदीचा उतारा आणा," कारकून म्हणाला. "मग बघू."

तिथून आम्ही गावी गेलो. चावडीत पाटलांकडं जन्ममृत्यूची नोंद असायची. पाटील आमच्या नात्यातलेच. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "वहिनी, तुमची बाळंतपणं माहेरी झाली. पोर तिकडं जलमलं तर नोंद हितं कशी गावंल?" हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाळंतपण माहेरी करायचं ही आमची रीत. त्यामुळं आमच्या गावच्या चावडीच्या हिशेबानं बघायला गेलं तर अर्धं गाव जन्मलेलंच नव्हतं. आलेल्या सुना दुसरीकडं जाऊन बाळंत होत, आणि आपल्या लेकींची पोरं मात्र इथं नोंदली जात.

आईचं माहेर कृष्णाकाठचं, सांगली संस्थानातलं. म्हणजे धाकटा माणदेशातल्या, इंग्रजांच्या खालसा मुलखातला, पण जन्मला संस्थानात. तिथल्या जुन्या नोंदी सांगलीच्या कचेरीत जमा झालेल्या. आम्ही सांगलीला गेलो. मिरजेहून सांगली जवळ, हेच त्यातल्या त्यात बरं. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण दप्तराच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडं तो नव्हता. तिसऱ्या खेपेला सगळे होते. तेव्हा त्यांनी सांगितलं की अर्ज मुलाच्या बापानं करायचा असतो.

"मी आई हाय," आई म्हणाली.

"हो, पण अर्ज बापाचा लागतो."

"त्येला न्हाई ठावं त्यो कवा जलमला. त्यो तवा माणात हुता. मला ठावं हाय."

कचेरीतला माणूस हसला. आईचं म्हणणं त्याला पटलं असावं, पण पटून उपयोग नव्हता. आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. माझे पाय सुजले होते. आई म्हणाली, "तू आता घरला जा. सही मी आनती."

ती सही तिनं कशी आणली हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. आबा म्हणाले होते, "पोराचं नाक कापू नगंस. पलटनीत त्येला त्वांड दावाय जागा ऱ्हानार न्हाई." आईनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "नाक गेलं तर जाऊ द्या. मान ऱ्हाऊ द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पलटणीत शिकलेली आपली लांबलचक सही अर्जाखाली केली आणि तोंड न धुताच रानात निघून गेले. आबा त्या वयाच्या पोराला मरायला पाठवायला निघाले होते, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. ते स्वतः असेच गेले होते आणि परत आले होते. पोरगाही परत येईल, यापलीकडं त्यांच्या डोक्यात काही नव्हतं.

उतारा मिळाला. तोवर थंडी सरून उन्हं तापायला लागली होती. साल बरोबर निघालं. तिथी कुणी लिहिली नव्हती, पण इंग्रजी तारीख होती, आणि वार मंगळवारच. मला इतका आनंद झाला की कचेरीच्या दारातच मी तो कागद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. अमक्या गावचा अमका, त्याची बायको बापाकडं आली असता तिला मुलगा झाला.

"नाव?" आईनं विचारलं.

नाव नव्हतं. नोंद जन्मल्याच्या दोनतीन दिवसांत होते आणि आमच्यात बारसं बाराव्या दिवशी. तोवर पोराला नावच नसतं, तर कारकून लिहिणार काय? मी म्हटलं, त्यानं काय बिघडतं, तुला मुलगा एकच. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

साताऱ्याचा कारकून तो उतारा वाचून म्हणाला, "हा मुलगा तोच कशावरून?"

"मला एकच ल्योक हाय," आई म्हणाली.

"ते तुम्ही सांगता. मधे एखादा होऊन गेला असेल, हा त्याचा उतारा असेल. तसं नाही, असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. आणि हा संस्थानी कागद आहे. यावर तुमच्या मामलेदारांचा शेरा लागेल."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती अशी. न झालेल्या मुलाचा दाखला कुठून आणायचा? आई मुकाट्यानं ऐकत होती. तिला राग येत नव्हता, याचाच मला राग येत होता. बाहेर आल्यावर मी तिच्यावरच खेकसले, "तू काही बोलत का नाहीस?" ती म्हणाली, "बोलून कागुद मिळतूय का?"

दहिवडीला मामलेदारांकडं आई एकटीच गेली, कारण मला आता मोटारीत बसणं शक्य नव्हतं. एकदा मामलेदार फिरतीवर, एकदा गावात पुढारी लोकांची धरपकड चालू म्हणून कचेरीत कुणालाच सोडत नव्हते. किती खेटे घातले ते तिनं मोजले नाहीत, मीही विचारले नाहीत. शेवटी शेरा मिळाला. पाटलांनी आणि तीन म्हाताऱ्यांनी अंगठे दिले की या बाईला मुलगा एकच झाला. राहिले मास्तर.

मास्तरांनी एवढं लिहून द्यायचं होतं की पोरगा तीन वर्षांचा असताना आपण त्याला सहाचा लिहिला. आई खेट्यांत अडकलेली, म्हणून माझं बाळंतपण मिरजेलाच झालं. मुलगी महिन्याची झाल्यावर मी माहेरी आले, तेव्हा तिला घेऊन मी स्वतः त्यांच्याकडं गेले. मास्तरांची पेन्शन दोनएक वर्षांवर आली होती. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, गूळ दिला. काम सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"असं लिहून दिलं तर मला कामावरून काढतील," ते म्हणाले.

"मास्तर, त्याला बोटीत घालणार आहेत."

"मी काय तो एकटाच लिहिला का गं? सबंध पान तसलंच. एक वीट काढली तर सगळी भिंत अंगावर येईल. तुझंसुद्धा नाव त्याच पानावर हाय."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. मी म्हटलं, भिंत पडली तर तुमच्या अंगावर पडेल, न पडली तर त्या पोराच्या. एवढं बोलल्यावर मला रडू कोसळलं. मास्तर उठले, दौत टाक घेतला आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात सगळं लिहून दिलं. एक शब्द लपवला नाही. तपासणी, पट, माझी कडेवरची अडचण, सगळं. फक्त खाली सही केली नाही. "सहीचं मागनं बघू," म्हणाले. मी तो बिनसहीचा कागद घेऊन आले. त्यांना दोन अविवाहित मुली होत्या, त्यातली एक आतून दाराआडून बघत होती. मला आणखी भांडवेना.

साताऱ्याच्या कारकुनानं सगळे कागद घेतले. बिनसहीचा बघून त्यानं चष्मा वर केला, पण तोही घेतला. "मी पाठवतो," म्हणाला. "आमच्या हातात एवढंच." या वेळी त्यानं आईला बसायला स्टूल दिलं.

माझ्या मुलीच्या जन्माची नोंद ह्यांनी दुसऱ्याच दिवशी करायला लावली होती, आणि ती बरोबर लिहिली गेली की नाही हे मी बाळंतिणीच्या खाटेवरून तीनदा विचारून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या तारखेला एवढं काय सोनं लागलंय! मी चौथ्यांदा विचारलं.

दिवाळीच्या सुमाराला धाकटा रजेवर आला. बोटीत घालायच्या आधी देतात ती रजा, हे त्यानंच सांगितलं, जसं काही ते बक्षीस होतं. खाकी कपडे, पायात बूट, केस बारीक कापलेले. आणखी उंच झाला होता. आईनं त्याला समोर बसवून इतकं खाऊ घातलं की शेवटी तो नुसता हसत राहिला. कागदांचा विषय कुणी काढला नाही. त्यानंच काढला.

"आये, आमच्या सायबानं मला बलिवलं हुतं. म्हनला, तुजी आई म्हनती तू लहान हाइस. खरं काय? मी म्हनलो, न्हाई सायब. आमी जुळी हाय. आमच्या आक्काचा दाखला मागवून बगा."

तो आबांकडं बघून हसला. आबाही हसले. वर्षभर आम्ही ज्या उंबऱ्यांवर डोकं आपटलं ते सगळे माझ्या डोळ्यांपुढं आले. मी उठले आणि त्याच्या थोबाडीत द्यायला हात उचलला. तो उभा राहिला तर माझा हात त्याच्या गालापर्यंत पोचेना. तेव्हा त्यानं मान खाली केली आणि गाल माझ्यासमोर धरला.

"हाण," म्हणाला. "पर पुन्यांदा असलं कागुद धाडू नगासा. समदी पलटन मला पाळण्यातला शिपाई म्हनती."

मला मारता आलं नाही. तो गाल अजून मऊच होता, मिसरूडसुद्धा फुटली नव्हती. आई चुलीपुढून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, "तुला भ्या न्हाई का रं वाटत?"

"कशाचं भ्या? आबा न्हाई का गेलं?"

मग तो माझ्या मुलीला घेऊन अंगणात फिरला. ती त्याच्या गुंड्या ओढत होती. "हिची तारीख तरी खरी लिवली का, आक्का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, लिहिली. रजा संपली तेव्हा तो पहाटेच निघाला. आईनं त्याला अडवलं नाही, कुणाच्या गळ्याची शपथ घातली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, पाय धरेल. तिनं भाकरीचं गाठोडं दिलं आणि तो वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली.

तो गेल्यावर काही दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. शिपायाचं स्वतःचं म्हणणं आणि शाळेचा दाखला जुळतो, सबब अर्ज निकालात काढण्यात आला आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

पुढच्या उन्हाळ्यात तो ब्रह्मदेशाकडं पडला. कुठं, कसा, ते आम्हाला नीट कधी कळलं नाही. बातमी आली तेव्हा मी मिरजेत होते. गावी पोचले तर आबा ओट्यावर बसलेले.  आई आत होती. बायका तिला रडवायचा प्रयत्न करत होत्या, कारण रडली नाही तर काळजात बसतं म्हणतात. ती रडत नव्हती, तिला फक्त झोप येत होती. मला बघून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले आणि मला पहिल्यांदा सगळ्यांचा एकदम राग आला. मास्तर, आबा, पाटील, कारकून, धाकटा, मी, सगळ्यांचा. तो राग पुष्कळ वर्षं टिकला.

पावसाळ्याच्या आधी आईच्या पेन्शनीसाठी साताऱ्याला बोलावणं आलं. आबा म्हणाले, माझा पाय उचलत नाही. तेव्हा पुन्हा आम्ही दोघीच गेलो. तीच कोळशाची मोटार, तोच चढ. आई वाटेत दोनदा बसली. पूर्वी कधी बसायची नाही.

कारकून तोच होता. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला. मग त्यानं स्टूल पुढं केलं. कागद भरायला घेतला. गाव, बापाचं नाव, पलटण. वयाच्या रकान्याशी येऊन तो थांबला. तिथं आधीच एकोणीस असं लिहून आलेलं होतं. त्यानं मागच्या फडताळातून एक पुडकं काढलं. सांगलीचा उतारा, मामलेदारांचा शेरा, म्हाताऱ्यांचे अंगठे, मास्तरांचा बिनसहीचा कागद, सगळं त्यात होतं.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता हे दुरुस्त करता येईल. पेन्शनीला त्यानं काही फरक पडत नाही. साहेबांना मी सांगतो, ते नाही म्हणायचे नाहीत. खरं वय लिहू?"

"लिहा," मी लगेच म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आता तरी लिहा."

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. "खरं किती हुतंय?" तिनं विचारलं.

"सोळा," कारकून म्हणाला. "सतरावं चालू होतं."

आईनं पदरानं कपाळ पुसलं. कचेरीत उकडत होतं. मी म्हटलं, "आई, वर्षभर आपण ह्याच्यासाठीच मेलो. खरं आहे ते लिहू दे की."

"खरं मला ठावं हाय. त्ये कागदाला कशाला पायजे आता?" ती म्हणाली. मग कारकुनाकडं वळली. "सोळा लय कमी हुत्यात, दादा. एकोनीसच ऱ्हाऊ द्या. कागदावर तरी माजं पोरगं तीन वर्सं जास्त जगलं."

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं एकोणीस तसेच ठेवले, पुडकं बांधलं, आणि आईनं अंगठा पुढं केला.